मेंढीला हंगाम कोण सांगतं?



मागच्या आठवड्यात मेंढ्यांच्या विणीची वही काढून बसलो होतो. बारा वर्षांच्या नोंदी आहेत. मेंढा कधी सोडला, पहिला पाऊस कधी आला, कोणती मेंढी कधी व्याली, एवढंच लिहितो. पानं चाळली तर बहुतेक सालांत वीण दिवाळीनंतर सुरू होऊन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलेली आहे. एकच पान बिघडलेलं आहे, 2022 चं. त्या पानाची गोष्ट आधी सांगतो, मग ज्या इतिहासासाठी आज लिहायला बसलो तिकडे वळतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत एक शेड विकणारा माणूस वावरात आला. मोबाईलवर युरोपातल्या मेंढीपालनाचा व्हिडिओ दाखवला. बंद शेड, टायमरवरचे दिवे, काळे पडदे. म्हणाला, मेंढी उजेडावर चालते. दिवस लहान झाला की माजावर येते. तुम्ही दिवस लहान करा, तीन आठवड्यांत मेंढ्या माजावर, वर्षाला दोन वेत पक्के. आता पाच महिन्यांची गाभण मेंढी वर्षात दोनदा कशी विणेल आणि पिलाला दूध कधी पाजेल, हा हिशेब मी तेव्हाच करायला पाहिजे होता. दोन वर्षांत तीन वेत साधले तरी फार झालं. पण मन लालचावलं. 31 हजार घातले. मार्चपासून दुपारी चारला कोठ्यावर काळी ताडपत्री पाडायची ती सकाळी आठला उघडायची. नागपूरचा उन्हाळा, वर पत्रा, चारी बाजूंनी ताडपत्री. आत शिरलं की माणसाचा जीव घाबरा होत होता, मेंढ्यांचं तर विचारूच नका. कुटार पुढ्यात तसंच पडून राहायचं.

24 मेंढ्यांपैकी दोन माजावर आल्या. बाकीच्या नुसत्या वाळल्या. जूनमध्ये पाऊस आला, शेजारच्यांच्या मेंढ्या दहा-बारा दिवसांत मेंढ्याकडे जायला लागल्या. माझ्या मेंढ्यांना अंगात भर यायलाच जुलै संपला. वीण गेली डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत. थंडीच्या त्या आठवड्यात सहा कोकरं गेली.

माझा पुतण्या सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकतो. त्याला सांगितलं तर आधी हसला. मग म्हणाला, "काका, तो माणूस पूर्ण खोटं नाही बोलला. उजेडाची गोष्ट खरी आहे. पण ती लंडनच्या मेंढीची आहे." मी म्हटलं, "मग मला लंडनपासून सांग." तेव्हापासून तो सुट्टीत आला की इंग्रजी वाचून दाखवतो आणि मी मराठीत लिहून घेतो. माझं शिक्षण दहावी. जे समजलं तेवढंच इथे मांडतो आहे.

हा विषय कळायला पहिली मदत केली जहाजांनी. इंग्रजांनी आपल्या मेंढ्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत नेल्या. इंग्लंडात मेंढी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून माजावर येते, दिवस लहान होत असताना, आणि वसंतात विते. तिकडे दक्षिणेत ऋतू उलटे. मेंढ्या उतरल्या आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांचा महिना बदलला. तिथल्या लहान होत जाणाऱ्या दिवसांना धरून त्या फळायला लागल्या. रक्त तेच, महिना वेगळा. मेंढपाळांनी हे केव्हाच पाहिलं होतं. केंब्रिजचे फ्रान्सिस मार्शल यांनी 1930 च्या दशकात अशा नोंदी जमवल्या आणि सरळ प्रश्न मांडला, की बाहेरचा ऋतू जनावराच्या आतल्या ग्रंथींपर्यंत पोचतो कसा. त्यांचा अंदाज असा होता की बाहेरची खूण आधी मेंदूकडे जाते आणि मेंदू पुढे पीयूष ग्रंथीला, म्हणजे पिट्यूटरीला, कामाला लावतो.

त्याच केंब्रिजात येट्स नावाच्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने मेंढ्या बंदिस्त ठेवून दिव्यांनी वर्ष उलटं केलं. बाहेर दिवस मोठा होत असताना आत लहान होत जाणारा. 1949 मध्ये त्याने छापलं, की मेंढ्यांचा हंगामही उलटा झाला. म्हणजे शेडवाल्याचा व्हिडिओ इथून निघाला होता. पण त्याने जे सांगितलं नाही ते हे, की उजेड कमी केल्यावर मेंढीला प्रतिसाद द्यायला अडीच-तीन महिने लागतात. तीन आठवड्यांत काही होत नाही, तिथेही.

आता डोळ्यात शिरलेला उजेड अंडाशयापर्यंत कसा जातो? मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याच्या खाली देठाला लटकल्यासारखी पिट्यूटरी. या दोघांत नसांची म्हणावी अशी जोडणी दिसत नव्हती, बारीक रक्तवाहिन्या मात्र होत्या. रक्त खालून वर जातं की वरून खाली, यावरच मोठमोठे लोक भांडले. जेफ्री हॅरिस या इंग्रज शास्त्रज्ञाने जिवंत उंदरात पाहून दाखवलं, की रक्त मेंदूकडून खाली पिट्यूटरीकडे जातं. पुढे 1952 मध्ये त्याने आणि डोरा याकोबसोन यांनी उंदराची पिट्यूटरी काढून दुसरीकडे लावली तर ती निकामी, आणि परत हायपोथॅलॅमसच्या खाली लावली तर चालू, असं दाखवलं. म्हणजे मेंदू रक्तातून काहीतरी रसायन खाली सोडतो. काय सोडतो ते हॅरिसला हाती लागलं नाही.

ते शोधायला मेंढ्याच कामी आल्या, आणि किती! रॉजर गिलमां अमेरिकेत ह्यूस्टनला होता. कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे मेंदू गोळा करायला लागला. सुमारे 50 लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसचे तुकडे, त्यासाठी 500 टन मेंदू हाताळला. पहिल्या पदार्थासाठी 3 लाख मेंढ्यांपासून 1 मिलिग्रॅम माल मिळाला. हे ऐकून मी पुतण्याला दोनदा विचारलं, मिलिग्रॅम की ग्रॅम? मिलिग्रॅमच. तिकडे अँड्र्यू शॅली हा त्याचाच जुना सहकारी डुकरांचे मेंदू घेऊन त्याच शर्यतीत. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. 1971 मध्ये शॅलीच्या गटाने आपल्या विषयाचा पदार्थ उलगडला, दहा अमिनो आम्लांची छोटी साखळी, नाव जीएनआरएच. गिलमांच्या मेंढ्यांतूनही तेच निघालं. 1977 चं नोबेल दोघांना वाटून मिळालं, सोबत रोझलिन यालो यांना, ज्यांच्या पद्धतीमुळे रक्तातलं एवढंसं हार्मोन मोजता येऊ लागलं.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या गोठ्यातलं उदाहरण देतो. गाय किंवा म्हैस भरवताना डॉक्टर कधी रिसेप्टालचं इंजेक्शन देतात. त्यातलं बुसेरेलिन हे याच जीएनआरएचचं कारखान्यात केलेलं भावंड आहे. त्या लाखो मेंढ्यांच्या मेंदूतून निघालेली गोष्ट आज आपल्या डॉक्टरच्या पिशवीत असते.

दुसरा धागा एका कातडीच्या डॉक्टरने आणला. येल विद्यापीठातले एरन लर्नर कोडावर औषध शोधत होते. गाईंच्या मेंदूतली पिनिअल नावाची बारकी ग्रंथी हजारोंनी गोळा करून त्यांनी 1958 मध्ये मेलाटोनिन वेगळं केलं. बेडकाच्या कातडीवर लावलं की कातडी उजळायची. कोडावर उपयोग झाला नाही. पण नंतर दिसलं की हे मेलाटोनिन रात्रीच सुटतं, अंधार असेतो सुटतं, उजेड पडला की बंद. लांब रात्र म्हणजे जास्त वेळ मेलाटोनिन. शरीराला रात्रीची लांबी मोजून देणारी गोष्ट सापडली.

मेंढीत हे पक्कं केलं अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, फ्रेड कार्श यांच्या गटाने. 1980 च्या दशकात त्यांनी मेंढ्यांची पिनिअल काढून टाकली आणि रोज रात्री नळीतून मेलाटोनिन सोडलं. काहींना लांब रात्रीइतका वेळ, काहींना आखूड रात्रीइतका. बाहेर दिवस कसाही असो, मेंढीच्या शरीराने नळीतल्या रात्रीवर विश्वास ठेवला. याच्याच जोरावर पुढे ऑस्ट्रेलिया आणि युरोपात कानामागे बसवायची 18 मिलिग्रॅम मेलाटोनिनची गोळी बाजारात आली, हंगाम थोडा अलीकडे ओढायला. काळी ताडपत्री नको, अंधार गोळीतूनच.

याच गटाने त्याआधी, 1977 मध्ये, आणखी एक बारीक गोष्ट धरली होती. हंगामात आणि हंगामाबाहेर मेंढीला एस्ट्रोजेनचा डोस सारखाच दिला, तरी परिणाम वेगळा येतो. हंगामाबाहेर तेवढंच एस्ट्रोजेन मेंदूला जोरात ब्रेक लावतं, हंगामात तो ब्रेक ढिला पडतो. अंडाशय तेच, हार्मोन तेच, फक्त मेंदूचं कान देणं बदलतं.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. मेंदू जीएनआरएच सोडतो ते नळासारखं सलग नाही, ठोक्या-ठोक्याने. पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांनी 1978 मध्ये माकडांत दाखवलं, की तासाला एक ठोका दिला तर पिट्यूटरी काम करते आणि सलग धार सोडली तर बंद पडते. जास्त दिलं म्हणजे जास्त मिळतं, असा इथे हिशेब नाही. आपल्यातले काही जण हार्मोनचं इंजेक्शन मनानेच दोन-तीनदा ठोकतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. मेंढीत हे थेट मोजलं ऑस्ट्रेलियात इयन क्लार्क आणि कमिन्स यांनी, 1982 मध्ये. जिवंत, उभ्या मेंढीच्या मेंदूखालच्या त्या बारीक वाहिन्यांतलं रक्त तासन्‌तास घेत राहिले. हायपोथॅलॅमसचा एक ठोका आला की पिट्यूटरीतून एलएच नावाच्या हार्मोनचा एक ठोका. एलएच पुढे अंडाशयाला चालवतं. हंगाम असला आणि मेंढी माजाकडे निघाली की हे ठोके तासा-तासाला पडतात. हंगाम नसला तर कित्येक तासांत एखादा. मेंढी माजावर येणं किंवा न येणं हे शेवटी त्या ठोक्यांच्या वेगावर येऊन थांबतं.

मग ठोका कोण मारतं? हे कोडं वीस वर्षं पडून होतं, आणि सुटलं ते कॅन्सरच्या संशोधनातून. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात, जिथे चॉकलेटचा कारखाना आहे, 1996 मध्ये कातडीचा कॅन्सर पसरू न देणारं एक जनुक सापडलं. गावातल्या किसेस नावाच्या चॉकलेटवरून त्याला किस-1 म्हटलं. त्यापासून बनणारं ते किसपेप्टिन. मेंढीशी याचा काय संबंध, असं तेव्हा कोणाच्या मनातही नसेल. 2003 मध्ये पॅरिस आणि बोस्टनच्या दोन गटांना अशी माणसं सापडली ज्यांना वय होऊनही तारुण्यच आलं नव्हतं. त्यांच्यात किसपेप्टिन धरणारा भागच बिघडलेला होता. म्हणजे जीएनआरएचच्या पेशीला हात लावणारी गोष्ट हीच.

मेंढीवर लगेच काम सुरू झालं, कारण हंगामी जनावर म्हणून मेंढी सोयीची आणि तिच्यावर पन्नास वर्षांचं काम आधीच झालेलं. 2007 हे वर्ष त्या कामाचं मोठं वर्ष दिसतं. ऑस्ट्रेलियात स्मिथ आणि क्लार्क यांनी दाखवलं, की हंगामात मेंढीच्या हायपोथॅलॅमसमध्ये किसपेप्टिन वाढतं, हंगाम गेला की घटतं. फ्रान्समध्ये कॅराती यांच्या गटाने हंगामाबाहेरच्या, अंडाशय थंड पडलेल्या मेंढ्यांना शिरेतून किसपेप्टिन दिलं आणि बहुतेक मेंढ्यांत अंडं सुटलं. दिवस मोठे असतानाच. त्याच साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या गुडमन यांच्या गटाने मेंढीतच पाहिलं, की किसपेप्टिनच्या या पेशीत आणखी दोन रसायनं आहेत. न्यूरोकायनिन-बी ठोका उचलतं, डायनॉर्फिन तो थांबवतं. एकाच पेशीत पाय द्यायचं आणि ब्रेकही. म्हणून सलग धार न लागता ठोके पडतात.

मधली एक कडी अजून सांगायची राहिली, ती जरा वाकडी आहे. मेलाटोनिन थेट या पेशींवर काम करत नाही. ते पिट्यूटरीच्या वरच्या पट्ट्यावर बसतं, तिथून एक निरोप उलटा मेंदूत जातो आणि मेंदूतल्या थायरॉइड हार्मोनचं प्रमाण बदलतं. मेंढीत ही वाट 2008 च्या सुमारास उलगडली. पण थायरॉइड काढलेल्या मेंढ्या हंगाम संपला तरी थांबत नाहीत, हे त्याआधीच लोकांनी पाहिलं होतं. यातलं मला निम्मं कळलं, म्हणून इथेच सोडतो.

आता आपल्याकडे येऊ. इथपर्यंत वाचलं तर वाटेल, उजेड हाच मालक. पण किसपेप्टिनच्या त्या पेशींकडे उजेडाशिवाय आणखी दोन निरोप येतात, आणि आपल्या भागात तेच मोठे आहेत.

एक निरोप पोटाचा. जनावराच्या अंगात चरबी असली की चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन सुटतं. किसपेप्टिनच्या पेशींना ते समजतं. क्लार्क यांच्याच गटाने 2010 मध्ये दाखवलं, की वाळलेल्या मेंढीत किसपेप्टिन कमी असतं आणि लेप्टिन दिलं की ते पुन्हा वर येतं. पोट रिकामं, अंग वाळलेलं, तर मेंदूच ठोका कमी करतो. माझ्या मेंढ्या 2022 च्या उन्हाळ्यात काऊन थंड पडल्या, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. ताडपत्रीने अंधार दिला, पण उकाड्याने चारा सुटला आणि मेंदूला खाली उपाशीपणाचा निरोप गेला.

दुसरा निरोप नराचा. 1944 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवूड आणि सोबत्यांनी लिहिलं, की मेंढा काही काळ दूर ठेवून अचानक कळपात सोडला तर थांबलेल्या मेंढ्या एकदम चालू होतात. नराच्या वासाने एलएचचे ठोके काही मिनिटांतच वाढतात. इथे एक गोम आहे, बऱ्याच जणांची फसगत होते. मेंढा सोडल्यावर दोन-तीन दिवसांत अंडं सुटतं, पण माज दिसत नाही. तो मुका असतो. खरा माज साधारण 18 ते 25 दिवसांच्या मध्ये दिसतो. आपण आठ दिवस बघतो, काही होत नाही म्हणतो, आणि मेंढा बदलतो.

उजेडाचं म्हणाल तर आकडे बघा. लंडनला सगळ्यात मोठा दिवस साडेसोळा तासांच्या वर आणि सगळ्यात लहान आठ तासांच्या आत. जवळजवळ नऊ तासांचा फरक. नागपूरला 21 जूनचा दिवस साधारण 13 तास 25 मिनिटांचा आणि डिसेंबरातला लहान दिवस 10 तास 50 मिनिटांचा. फरक अडीच तासांचा. तिकडच्या मेंढीला उजेडावरून वर्ष कळतं. आपल्याकडे उजेड तेवढं मोठ्याने सांगतच नाही. शिवाय आपल्या मेंढ्या मेंढ्याकडे जातात मुख्यतः पाऊस पडल्यावर, जून-जुलैत, जेव्हा दिवस वर्षातला सगळ्यात मोठा असतो. इंग्लंडच्या हिशेबाने तर तेव्हा त्या थांबलेल्या पाहिजेत. आपल्या दख्खनी मेंढ्या वर्षभर कधीही माजावर येऊ शकतात, चारा असला तर. पावसाळ्यात धुऱ्यावर हिरवं उगवतं, अंगात ताकद येते, ठोके वाढतात, आणि पाच महिन्यांनी हिवाळ्याच्या तोंडी वीण येते.

पण सगळं जागेवरच असतं असंही नाही, जातही बघावी लागते. मेक्सिकोत 19 अंश अक्षांशावर, म्हणजे आपल्यापेक्षाही दक्षिणेला, इंग्रजी सफोक मेंढ्या आणि तिथल्या पेलिबुए मेंढ्या एकत्र ठेवून पाहिल्या. सफोक तिथेही वसंतात थांबल्या. पेलिबुएतल्या बऱ्याच वर्षभर चालू. आणि आपल्याच गोठ्यातली म्हैस घ्या. उन्हाळ्यात तिचा माज लपतो, दसरा-दिवाळीनंतर दिवस लहान होताना उघडतो, हे नागपुरी म्हैस पाळणाऱ्या कोणालाही विचारा. तिच्यात उजेडाचा वाटा मेंढीपेक्षा जास्त दिसतो, उष्णतेचाही असेल. पंजाबात उन्हाळ्यात थांबलेल्या म्हशींवर मेलाटोनिनच्या गोळ्यांचे प्रयोग झालेले आहेत. एकाच कोठ्यात बांधलेली दोन जनावरं, एकाच सूर्याखाली, पण ऐकतात वेगवेगळं.

महाराष्ट्रात या विषयाच्या जवळचं सगळ्यात मोठं काम फलटणला झालं आहे. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. पण बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची बारकी मेंढी आहे, जुळी-तिळी देणारी. 1990 च्या दशकात संस्थेने गरोल आणून दख्खनीशी संकर सुरू केला, पुढे चंदा निंबकर यांनी ते काम नेलं, त्यातून नारी सुवर्णा मेंढी झाली. गंमत अशी की 1790 च्या दशकात कलकत्त्याहून जहाजाने बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. तिथे बुरुला नावाच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी फार व्हायची, लोकांना कारण कळेना. 2001 मध्ये त्यांचं जनुक नेमकं सापडलं आणि 2002 मध्ये गरोलमध्येही तेच निघालं. जहाजाने इंग्लंडची मेंढी दक्षिणेत नेली तेव्हा तिचा महिना बदलला, पण बंगालच्या मेंढीने आपली जुळी तिकडेही नेली.

हे जनुक काम करतं अंडाशयात. मेंदूचे ठोके तेच, अंडाशय त्यांना जास्त अंडी सोडून उत्तर देतं. मेंढपाळांच्या कळपात अशा मेंढीमागे सरासरी दीडच्या आसपास कोकरं मिळाली. पण दोन कोकरं म्हणजे दोघांचं दूध, दोघांचा चारा. ज्याच्या मेंढ्या उन्हाळ्यात हाडं दाखवत फिरतात त्याने आधी खुराक बघावा, मग जुळी.

आमच्या भागात कच्छकडचे रबारी मेंढ्या घेऊन येतात, पीक निघालं की खतासाठी वावरात बसवतो. 2022 नंतर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला मी हे सगळं ताडपत्रीचं सांगितलं. त्याने माझ्या मेंढीच्या पाठीवर, कमरेच्या मणक्यावर हात फिरवला. म्हणाला, हाड हाताला टोचतं आहे तोवर मेंढा सोडू नको, दिवा लाव नाहीतर विझव. त्याला ना क्लार्क माहीत ना लेप्टिन. आम्ही दोघं चहा प्यायलो आणि तो पुढच्या वावराकडे गेला.

आता मी काय करतो ते लिहितो, कोणाला चुकीचं वाटलं तर खाली सांगा. ताडपत्री पऱ्हाटीच्या गंजीवर टाकली, तेवढीच कामी आली. मेंढा महिनाभर आधी दुसऱ्याच्या वावरात बांधतो, दिसू नये आणि वासही येऊ नये इतका लांब. सोडण्याच्या तीन आठवडे आधीपासून मेंढीमागे रोज पाव किलोच्या आत मका-ज्वारीचा भरडा आणि थोडी सरकी ढेप. कमरेचं हाड हाताने बघतो. जिचं टोचतं तिला वेगळी काढून आणखी पंधरा दिवस खाऊ घालतो. कोठ्याला चारी बाजूंनी वारा खेळता आहे. मागच्या दोन सालांत वीण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीन आठवड्यांत उरकली.

एक विनंती आहे. विदर्भात मेंढ्या-बकऱ्या ठेवणाऱ्यांकडे तीन-चार वर्षांच्या विणीच्या तारखा असतील तर तालुक्याच्या नावासह टाका, सोबत तिथला पहिला मोठा पाऊस कधी आला तेही. माझ्या बारा सालांत पाऊस आणि वीण यांत अंतर पाच-साडेपाच महिन्यांचं येतं, फक्त 2016 ला दीड महिना उशीर आहे आणि त्याचं कारण मला वहीत सापडत नाही. त्या वर्षी तुमच्याकडे काय झालं होतं?